डाव्या चाकाचं मशीन

१

हातगाडी दाराशी लागली होती. दोन हमाल बाह्या सरसावून उभे होते, दुकानमालकाचा कारकून काखेत फाईल मारून आला होता आणि गल्लीतल्या निम्म्या खिडक्या काही काम नसताना उघडल्या होत्या. बेलिफाने पंचनामा उलगडला, 'क्रमांक दोन' वर बोट ठेवलं, आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकला.

पंचनाम्यात शिलाई मशिनं दोन होती. खोलीत एकच होतं.

त्याने दाराआड पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि वाकल्यावर त्याचा तोच ओशाळला, कारण पायाने चालवायचं मशीन काही पलंगाखाली मावत नाही. पलंगावर शिंपी भिंतीकडे तोंड करून पडला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग लुळं पडलं. दुकान बंद झालं, भाडं थकलं, दुकानमालक कोर्टात गेला आणि निकालामागोमाग जप्ती आली. त्या जप्तीचा पंचनामा पाच महिन्यांपूर्वी ह्याच बेलिफाने केला होता. आज जप्त केलेलं मशीन लिलावासाठी उचलून न्यायचं होतं.

"दुसरं मशीन कुठाय?" त्याने विचारलं.

शिंपीणबाई भांड्यावर झाकण दाबावं तसे दोन्ही हात पोटावर घट्ट धरून उभी होती. "कुठलं दुसरं?" ती म्हणाली. "हे काय, हेच मशीन. तुमची जप्तीची चिठ्ठी लावलेलं."

चिठ्ठी त्या मशीनला होती हे खरं. मग अडलं कुठे, असं कुणीही विचारेल. चिठ्ठीवालं मशीन उचलायचं आणि चालू लागायचं. पण कायदा एका बाबतीत मऊ आहे. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागीर ज्यावर पोट भरतो ते हत्यार, ह्यांना जप्तीचा हात लागत नाही. म्हणून बेलिफाने तेव्हा दोनपैकी खिडकीखालचं, क्रमांक एकचं मशीन सोडून दिलं होतं आणि क्रमांक दोनचं जप्त केलं होतं. आता चिठ्ठी लागली होती ती खिडकीखालच्या मशीनला. जप्त झालेलं मशीन हवेत विरलं होतं.

"चिठ्ठी फिरवली!" कारकून बाहेरच्या खोलीतून ओरडला, म्हणजे खिडक्यांनाही नीट ऐकू जावं. "चांगलं मशीन फुंकून टाकलं आणि चिठ्ठी जुन्याला लावली. आणि हे गृहस्थ राखणदार!"

राखणदार म्हणजे शेजारी राहणारा, शाळेतला ग्रंथपाल. जप्त झालेली वस्तू लगेच कुणी उचलून नेत नाही. ती जागेवरच ठेवतात आणि शेजारच्या एखाद्या भल्या माणसाकडून सुपुर्दनामा लिहून घेतात, की मागाल तेव्हा वस्तू हजर करीन. ह्या गल्लीतला भला माणूस म्हणून बेलिफानेच त्याला निवडलं होतं. तो उंबऱ्यात उभा होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "मी सही केली तेव्हाही एकच होतं."

बेलिफाला ह्या वाक्याचा फार राग आला.

२

राग यायला कारण होतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या पंचनाम्याला कुणी बोट लावलं नव्हतं. कोर्टात त्याला 'फोटोमामा' म्हणत. खोलीवर एक नजर टाकायची, बाहेर येऊन सावकाश लिहायचं, आणि लिहिलेलं असं की वाचणाऱ्याला वाटावं आपण तिथे उभे आहोत. ह्या पंचनाम्यात त्याने बादलीसुद्धा सोडली नव्हती. 'बादली एक, कडेला पोचा आलेली.' खुंट्या चार, त्यांपैकी एक सैल. असा माणूस दोन मशिनं लिहितो तेव्हा ती दोनच असतात.

बेलिफांच्या डोक्यावर नाझर असतो. ह्या कोर्टात ती एक बाई होती, वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला मऊ आणि कागद वाचायला कडक.

"मामा, शुक्रवारी तारीख आहे," नाझरबाई म्हणाली. "तोवर मशीन सापडलं नाही तर न्यायाधीश ग्रंथपालाला दिवाणी कैदेत पाठवतील. आज सकाळी त्याच्या शाळेचं पत्र आलंय. तो आत गेला की नोकरीवरून काढतायत. तुम्ही म्हणता दोन, तो म्हणतो एक. दोघांपैकी एकाचं खोटं आहे."

"माझं नाही."

"मग शोधून आणा. चार दिवस आहेत."

तो उठला तो तावातावाने. आधी दुकानमालकाकडे गेला. दुकानमालक कपड्याच्या गठ्ठ्यांमागे बसून पाय हलवत होता.

"दुकानात दोन मशिनं होती," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलीत. एकावर तो बसायचा, एकावर त्याची बायको. दुकान सोडताना सगळं सामान घरी गेलं. आता मला शेंडी लावायला बघतायत. आणि तो चष्मेवाला ग्रंथपाल त्यांना सामील आहे, लिहून ठेवा."

बेलिफाने लिहून ठेवलं. दोन मशिनं, आणि तेही वादीच्या तोंडून. छाती जरा पुढे आली.

गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. टपरीवाला पंचनाम्यातला एक पंच होता. त्याने बशी पुसता पुसता आधी कानावर हात ठेवले.

"मी काय पाहिलं म्हणता? मी बाहेरच्या खोलीत उभा होतो. तुम्ही म्हणालात सही करा, मी केली. तुम्हालाही घाई होती, मलाही होती. शेगडीवर दूध होतं माझं."

"पण दोन मशिनं लिहिली होती ना?"

"वाचायला कुणाला सवड होती, मामा?"

पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ असते. 'मजकूर पंचांना वाचून दाखवला, बरोबर आहे.' ती ओळ बेलिफ इतक्या वर्षांत इतक्या वेळा लिहीत आला होता की हात आपोआपच लिहायचा. त्याने ते मनावर घेतलं नाही.

"बरं, मशीन बाहेर जाताना कुणी पाहिलं?"

टपरीवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझं नाव घेऊ नका. दोन-अडीच महिन्यांमागची गोष्ट. मी पहाटे टपरी उघडत होतो. शिंप्याचा जावई हातगाडी घेऊन आला होता. घरातून काहीतरी काढलं, चांगलं माणूसभर उंच, चादरीत गुंडाळलेलं. गाडीवर चढवताना सासू सारखी म्हणत होती, जपून, जपून. आणि दोघंही चोरासारखी मागे वळून बघत होती."

३

जावई एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. बेलिफाला पाहताच त्याच्या हातातली ट्यूब पाण्यात पडली.

"हातगाडीवर काय नेलंस?"

"काही नाही."

"चादरीत गुंडाळून काहीच नाही नेलंस?"

पोरगा हातावरचं काळं पुसत राहिला. चेहऱ्यावरून चोर वाटत नव्हता, पण बेलिफाने बरेच न वाटणारे पाहिले होते. "आईंना विचारा," शेवटी तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं तर सांगीन. त्यांनी शपथ घातलीय."

शपथ घातलीय म्हणजे आता उरलं काय? बेलिफ थेट शिंप्याच्या घरी गेला. शिंपीणबाई दारातच भेटली. ती कुठूनतरी कामावरून येत होती. बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती.

"पहाटे हातगाडीवर काय गेलं, बाई?"

तिचा चेहरा एकदम उतरला. ती कडी धरून उभी राहिली. 

"मशीन गेलं की नाही?"

"मशीन नाही," ती म्हणाली. "देवाशपथ मशीन नाही. त्यापुढे विचारू नका. पोराला नवीन संसार आहे."

बेलिफ मनात म्हणाला, झालं, आता उद्या दोन चिमटे काढले की ओकतील. पण निघता निघता त्याला ग्रंथपाल गाठायचा होता. तो घरीच होता. कामाच्या दिवशी घरी का, म्हणून विचारलं तर त्याने मान खाली घातली.

"ग्रंथालयाच्या किल्ल्या काढून घेतल्या माझ्याकडून. अजून कामावरून काढलं नाही. नुसतं बसवून ठेवतात. मुलं पुस्तक मागायला आली की दुसरा उठतो. मला तिथे बसवेना, म्हणून आज गेलो नाही." त्याने सुपुर्दनाम्याची प्रत पुढे केली. "तुम्ही काय लिहून घेतलंत वाचा. 'शिलाई मशीन, नग एक.' घरात एक मशीन होतं, कागदावर एक होतं. मी सही केली. आज एक आहे. मी काय कमी केलं?"

"दुकानात दोन होती."

"दुसरं भाड्याचं होतं. दुकान बंद झालं त्याच दिवशी ज्याचं होतं तो घेऊन गेला. गल्लीत कुणालाही विचारा. पण आता गल्लीत कोण माझ्याशी बोलतंय?"

बेलिफाला वाटलं, फार हुशार माणूस आहे, बोलणं बरोबर बसवून ठेवलंय. तो पुन्हा शिंप्याच्या घरात शिरला, परवानगीही न विचारता, आणि सरळ त्या मशीनपाशी जाऊन गुडघे टेकून बसला. चिठ्ठी फिरवली असेल तर डिंकाची खूण राहते. कागदाचा कोपरा फाटतो.

चिठ्ठी कुठेही फाटली नव्हती. कडेने धुळीची सबंध रेघ होती. आणि ती चिकटवली होती अशी, की अर्धी चाकावर आणि अर्धी मशीनच्या अंगावर. चाक सुतभर फिरलं असतं तरी कागद टरकला असता.

म्हणजे ही चिठ्ठी पहिल्या दिवसापासून इथेच होती. आणि पाच महिने हे मशीन एकदाही चाललं नव्हतं.

तो उठला तेव्हा छाती पुढे नव्हती. ज्या बाईकडे पोट भरायला एक मशीन सोडलं आहे, ती ते मशीन बंद ठेवून लोकांची भांडी घासायला का जाईल?

४

नाझरबाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग पंचनामा पुढे ओढला आणि मोठ्याने वाचायला लागली, कारकून वाचतात तसं, कुठेही न थांबता.

"'आतल्या खोलीत शिलाई मशिने दोन, समोरासमोर. क्रमांक एक, खिडकीखाली, पायाने चालवायचे, पुढ्यात स्टूल, चाक उजवीकडे, अंगावर सोनेरी अक्षरांत कंपनीचे नाव स्पष्ट. क्रमांक दोन, त्याच बनावटीचे, पुढ्यात स्टूल, चाक डावीकडे, अक्षरे सोनेरी परंतु वाचता आली नाहीत.'" ती थांबली. "मामा, तुमच्या घरी कुणी शिवतं?"

"नाही."

"माझी आई शिवायची. चाकाला हात लावला म्हणून आम्ही तिन्ही बहिणींनी मार खाल्लाय. चाक उजव्या हाताला असतं. सगळ्या मशिनांचं. उजव्या हाताने फिरवायचं आणि डाव्या हाताने कापड धरायचं."

"मागच्या बाजूने पाहिलं असेल मी. मागून पाहिलं की डावीकडे दिसणारच."

"मग स्टूल मशीनच्या मागे लिहिलं असतंत. तुम्ही लिहिलंय पुढ्यात." तिने पेन्सिलीने त्या शब्दाखाली हलकी रेघ मारली. "आणि अक्षरं वाचता आली नाहीत? तुम्हाला? तुम्ही मागे वाळवी लागलेलं खरेदीखत घडघडा वाचून दाखवलं होतंत. मोठी सोनेरी अक्षरं वाचता येत नाहीत म्हणजे काय?"

 ह्या बाईने आवाज चढवला असता तर बेलिफाला बरं वाटलं असतं. ती चढवत नव्हती.

"असं मशीन मी तरी जन्मात पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "मग तुम्ही त्या खोलीत पाहिलंत काय?"

५

गुरुवारी सकाळी तो पुन्हा त्या घरी गेला. ह्या वेळी दार वाजवलं आणि आत येऊ का म्हणून विचारलं. शिंपीणबाई बाजूला झाली.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर तो थांबला. पाच महिन्यांपूर्वी तो बरोबर इथेच उभा होता, आणि खरं सांगायचं तर ह्याच्या पुढे एक पाऊलही गेला नव्हता. कारण त्या दिवशी पलंगावर शिंपी उघडा होता. बाई त्याचं अंग ओल्या फडक्याने पुसत होती आणि त्याने चांगल्या हाताने तोंड झाकून घेतलं होतं. बेलिफाची नजर खिडकीखालच्या मशीनवर गेली, मग त्या माणसावर पडली, आणि त्याने झटकन मान उजवीकडे वळवली. तिथे त्याला दुसरं मशीन दिसलं. ते नजरेत टिपून तो तसाच मागे फिरला आणि बाहेर बसून सगळं लिहून काढलं. चिठ्ठीही त्याने दारातूनच आत दिली होती. 'बाई, ही मशीनला लावून घ्या,' एवढंच बोलला होता. कोणत्या मशीनला हे सांगितलं नव्हतं. एक सोडलंय हेही सांगितलं नव्हतं. तिथून कधी एकदा सुटतो असं त्याला झालं होतं.

आज त्याने खिडकीखाली पाहिलं, मग पलंगाकडे, मग मान उजवीकडे वळवली.

समोर नुसती भिंत होती. दोन वर्षांच्या धुराने पिवळी पडलेली. पण मधोमध एक लांबुळका पट्टा पांढराच राहिला होता, माणसाएवढा उंच, दोन हात रुंद, आणि त्याच्या वर दोन मोठे आकडे ठोकलेले होते.

"बाई, इथे काय होतं?"

ती त्या पांढऱ्या पट्ट्यासमोर येऊन उभी राहिली.

"चादरीत गुंडाळून गेलं ते हेच ना?"

"आरसा," ती म्हणाली, इतकी हळू की तो फक्त ओठांवरून समजला. "दुकानातला. गिऱ्हाईक कपडा घालून बघायचं ना, तो. इथे त्याच्या दोन्ही बाजूंना कपडे टांगलेले असायचे, कडा दिसायच्या नाहीत. शिवण बंद झाली, घरात काही राहिलं नाही, म्हणून केस कापायच्या दुकानात विकला. मला वाटलं, जप्तीनंतर घरातलं काही विकलं की गुन्हा होतो. जावयाला धरून नेतील. म्हणून त्याला शपथ घातली." मग ती एकदम रडकुंडीला आली. "तो जप्तीत होता का हो?"

नव्हता. पंचनाम्यात आरसा नव्हताच. पोचा आलेली बादली होती, सैल खुंटी होती, आणि माणसाएवढा आरसा फोटोमामाने लिहिला नव्हता. कारण त्याने आरसा पाहिलाच नव्हता. त्याने आरशातलं मशीन पाहिलं होतं. चाक डावीकडे गेलेलं, अक्षरं उलटी झालेली, स्टूल पुढ्यात आणि समोरासमोर. सगळं अगदी तंतोतंत लिहिलं होतं. एक सोडून सगळं खरं होतं.

त्याच्या पायाखालची जमीन सरकली असं म्हणायची पद्धत आहे. तसं काही झालं नाही. जमीन जागेवर होती आणि त्याला तिच्यावर उभं राहायची लाज वाटत होती. ह्या बाईला त्याने दारात उभं करून चोरासारखं विचारलं होतं. त्या जावयाला दमात घेतलं होतं. आणि पलीकडच्या घरात एक माणूस उद्याची वाट बघत बसला होता.

"ते मशीन," त्याने विचारलं, "तुम्ही त्या दिवसापासून चालवलं नाहीत?"

"कसं चालवणार? चिठ्ठीवर लिहिलंय, हात लावू नये."

आता सांगणं भाग होतं.  "बाई, घरात एकच मशीन असलं तर ते जप्त होत नाही. कायदाच तसा आहे. हे मशीन तुमच्याकडून कुणीच घेतलं नव्हतं. तुम्ही पाचही महिने शिवू शकत होतात."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती स्टुलावर बसली आणि आपल्या सुरकुतलेल्या बोटांकडे बघत राहिली. पलंगावरून घोगरा आवाज आला. शिंप्याची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"तोंड... फिरवलंत. मी... बोटांतून बघत होतो. वाटलं... किळस आली."

"नाही हो!" बेलिफ जवळजवळ ओरडलाच. "किळस कसली? मलाच लाज वाटली. तुम्हाला असं बघायला नको होतं, म्हणून..."

"तुम्हाला घटकाभर लाज वाटली," बाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "आम्ही ती पाच महिने पांघरून बसलोय."

 बेलिफाने हात जोडले. तिने ते पाहिलं की नाही, त्याला कळलं नाही.

६

शुक्रवारी कोर्ट भरलं तेव्हा बेलिफ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. इतकी वर्षं तो त्या पिंजऱ्याच्या बाहेरून लोकांना हाका मारत आला होता. नाझरबाईने आदल्या दिवशी सांगितलं होतं, मामा, लेखी देऊन टाका, बोलायची गरज नाही. पण त्याने ठरवलं होतं की बोलायचं.

त्याने सगळं सांगितलं. उंबरा, आरसा, डावं चाक. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. दुकानमालकाचा कारकून तर हसू दाबायच्या भानगडीतही पडला नाही.

"म्हणजे तुम्ही आत गेलाच नाहीत," न्यायाधीश म्हणाले.

"नाही, साहेब."

"पण तुम्ही लिहिलंय, समक्ष पाहून पंचनामा केला."

"लिहिलंय, साहेब."

"पंचांना मजकूर वाचून दाखवला, असंही लिहिलंय."

"तोही दाखवला नाही. दाखवला असता तर टपरीवाला तिथेच म्हणाला असता की मामा, डोकं फिरलंय का, एकच मशीन आहे."

पुन्हा हशा झाला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "असे न वाचून दाखवलेले किती पंचनामे असतील तुमचे?"

 बेलिफाच्या डोळ्यांसमोरून घरं गेली. कुणाचं कपाट, कुणाची गाय, कुणाचा पंखा. किती उंबऱ्यांवरून त्याने एक नजर टाकली होती आणि किती दारांतून मान वळवली होती? लोक फोटो म्हणायचे आणि तो फुगायचा.

"सांगता येणार नाही, साहेब," तो म्हणाला.

जप्ती रद्द झाली. ग्रंथपालाचं नाव कागदावरून मोकळं झालं. बेलिफाच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्याची चौकशी लागली आणि निवृत्तीचे कागद थांबले. त्याचं त्याला त्या घटकेला फारसं काही वाटलं नाही. बाहेरच्या व्हरांड्यात ग्रंथपाल भिंतीला टेकून उभा होता, तिकडे तो गेला.

"चुकलो मी," तो म्हणाला. "तुमच्यावर उगीच आळ आला."

"तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, बरं केलंत," ग्रंथपाल म्हणाला. त्याने अजूनही नजरेला नजर दिली नव्हती. "शाळा आता मला ठेवील. पण साहेब, आमच्या गल्लीतलं कुणी आज इथे आलेलं नाही. त्या दिवशी मात्र सगळी होती. खिडक्यांत."

"निकालाची नक्कल देतो ना मी तुम्हाला. शिक्क्याची."

"नक्कल घेऊन मी दारोदार हिंडू?"

दारोदार कुणी हिंडायचं ते बेलिफाला समजलं. कोर्टात बोलणं त्या मानाने सोपं होतं. तिथे माणूस जाऊन उभा राहतो आणि त्याला विचारतात.

दुपारी तो त्या गल्लीत गेला. सुरुवात टपरीपासून केली. टपरीवाल्याने ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि चहा पुढे केला. तो त्याने घेतला नाही. मग पहिलं घर, मग दुसरं. प्रत्येक दारात त्याने तेच सांगितलं. मी बेलिफ, चूक माझी होती, मशीन चोरीला गेलं नव्हतं, ग्रंथपाल निर्दोष आहे. कुणी बरं म्हटलं. कुणी म्हटलं, आम्हाला कधी वाटलंच नव्हतं तसं. हे म्हणणाऱ्याच्या खिडकीत त्या दिवशी सगळ्यात जास्त डोकी होती. एका म्हाताऱ्याने त्याला असा झापला की शेजारचं दार आपोआप उघडलं, आणि ते एका परीने बरंच झालं. शिंप्याच्या दारावरून जाताना आत मशीनचा आवाज येतोय का म्हणून त्याने कान दिला. येत नव्हता. पाच महिन्यांत गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली होती, हे त्याला थोड्या वेळाने सुचलं.

गल्ली संपली. तो घरी जाऊ शकला असता. पण शाळा वळणापलीकडे होती, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांची घरंही पलीकडेच होती. तो वळला. कोपऱ्यावरच्या घराचं दार एका अनोळखी बाईने अर्धवट उघडलं. ह्या घराचा त्या जप्तीशी काहीही संबंध नव्हता.

"मी कोर्टातला बेलिफ," त्याने सुरुवात केली. "मागच्या गल्लीतले ग्रंथपाल आहेत ना, त्यांच्याबद्दल सांगायचं होतं."

"कोण?" तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि मग तिला आठवलं. "हां, तो मशीनचोर!"

"नाही हो, बाई," बेलिफ म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "तो चोर नाही. मशीनच नव्हतं. ऐकता का जरा, पहिल्यापासून सांगतो."